पहिल्या पानावरचा दाखला

सरकारी रोकडवहीच्या पहिल्या पानावर, वहीत एकूण किती पाने आहेत, याचा दाखला अधिकाऱ्याने सहीनिशी लिहिण्याची रीत जुनी आहे. नवखा लेखापरीक्षक तो दाखला वाचतो. मुरलेला लेखापरीक्षक पाने मोजतो. संगणकीय दफ्तराला हा फरक उमगण्यास बराच काळ जावा लागला.

वेन रॅटलिफ या अमेरिकी प्रोग्रॅमरच्या कामातून डीबेस घडले. १९८४ साली डीबेस-३ आले. त्याची 'डीबीएफ' फाइल पुढे फॉक्सप्रोनेही स्वीकारली आणि १९९० च्या दशकात आपल्याकडील अनेक कार्यालयांच्या याद्या याच स्वरूपात साठू लागल्या. या फाइलीच्या आरंभी एक शीर्षभाग असतो. एकूण नोंदी किती, शीर्षाची व एका नोंदीची लांबी किती, हे त्यात लिहिलेले असते. हाच पहिल्या पानावरचा दाखला.

नवी नोंद फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. शीर्षातील आकडा स्वतंत्रपणे बदलावा लागतो. या दोन कृतींच्या मध्ये वीज गेली, की दाखला आणि पाने यांचा मेळ तुटतो.

१९९८ साली महाराष्ट्राबाहेरील एका कार्यालयात मी हे पाहिले. निवृत्तिवेतनाच्या यादीतून तीन नावे गळली होती. शीर्षात १,२०० नोंदी होत्या. शीर्ष १९३ बाइटचे, प्रत्येक नोंद ६४ बाइटची. अंत्यखुणेचा एक बाइट धरून फाइल ७६,९९४ बाइटची हवी होती. ती भरली ७७,१८६. जास्तीचे १९२ बाइट म्हणजे नेमक्या तीन नोंदी! नावे फाइलीतच होती. प्रोग्रॅम मात्र १,२०० वर निमूटपणे थांबत होता. त्या तिघांपैकी एक वृद्ध विधवा दोन महिने 'यादीत नाव नाही' हे उत्तर ऐकून परतत होती. सुदैवाने मधल्या काळात नवी नोंद झाली नव्हती. नाहीतर ती गळलेल्या पहिल्या नावावरच लिहिली गेली असती.

आम्ही मूळ फाइलीची प्रत राखून ठेवली, तिन्ही नोंदी कागदपत्रांशी ताडल्या आणि वाचनाच्या प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढवली: आधी फाइलीची लांबी मोजावी, मेळ नसल्यास थांबावे आणि तसे स्पष्ट सांगावे. पुढे २००३ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ मध्ये अशी तपासणी टेबल उघडतानाच होऊ लागली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनाच सिद्धांत दिसतो. तपासणीचा खर्च प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर पडतो. ती टाळण्याचा खर्च खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसावर. म्हणूनच ती टाळली जाते. चूक कोणत्याही दफ्तरात होणारच. परंतु जे दफ्तर चूक गिळून पुढे जाते, त्यापेक्षा अडखळून थांबणारे दफ्तर अधिक प्रामाणिक असते, असे मला वाटते.