शब्दांची गुहा

संगणकावरील साहसखेळांच्या इतिहासात 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'चे स्थान आद्य होय. त्याचा कर्ता विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर केंटकीतील मॅमथ गुहांच्या मोजणीत सहभागी झालेला होता; त्याची तत्कालीन पत्नी पॅट्रिशिया १९७२ साली तेथील दोन गुहांना जोडणारी वाट शोधणाऱ्या तुकडीत होती. पुढे संसार मोडला आणि मुली दुरावल्या. त्यांच्यासाठी १९७५-७६ च्या सुमारास त्याने हा खेळ रचला. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला.

यात चित्र नाही. खेळाडूने एक-दोन शब्दांत आज्ञा करावी आणि यंत्राने शब्दांनीच वाट दाखवावी, एवढेच. तथापि ज्याने ते भुयार स्वतः रांगत मोजले, त्याच्या वर्णनात अंतर, उतार आणि अंधार यांचा खरेपणा उतरला आहे. हेच या कृतीचे बळ.

उलट तिची उणीव मनमानीपणात आहे. यंत्राचा शब्दसंग्रह तोकडा. नेमका शब्द न सुचल्यास योग्य विचारही वाया जातो. वुड्सच्या आवृत्तीत ३५० पैकी अखेरचा गुण एक मासिक ठराविक जागी टाकल्यावाचून मिळत नाही. तर्काने तेथे पोहोचणे जवळजवळ अशक्यच.

यंत्राची मर्यादा काळाची म्हणून क्षम्य मानता येईल. अशी कोडी मात्र कर्त्याची निवड होती. खेळाडू कोड्यांवर रागावतो, पण गुहा विसरत नाही. या कृतीचा न्याय करताना हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे.