मुडदूस : एका रोगाच्या शोधाचा इतिहास

मूल दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकीत नाही, मनगटे जाड दिसू लागतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात आणि उभे राहू लागले की पायांना बाक येतो. या रोगाला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. वाढत्या वयात हाडांत चुना नीट भरला गेला नाही म्हणजे ती मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने वाकतात. या रोगाचे खरे कारण उमगण्यास मानवजातीला पावणेतीनशे वर्षे लागली. ही हकिगत वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी, कारण तिचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येऊन पोहोचतो.

१६४५ साली डॅनियल व्हिस्लर या इंग्रज विद्यार्थ्याने हॉलंडमधील लायडन विद्यापीठात या रोगावर प्रबंध सादर केला. पुढे १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोगाचे वर्णन झाले, पण कारण सापडले नाही. युरोपात कारखाने वाढले, शहरांवर कोळशाच्या धुराचे छत आले आणि अरुंद गल्ल्यांत वाढणारी असंख्य मुले मुडदुसाने वाकली. १८२२ मध्ये स्नियादेत्स्की या पोलिश वैद्याने दाखवून दिले की, वॉर्सा शहरातील मुलांना हा रोग फार होतो, खेड्यातील मुलांना क्वचित. मुलांना उन्हात न्या, असा त्यांचा सल्ला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जपानमध्ये काम केलेले डॉ. पाम यांनी १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांकडून माहिती मागवून तोच निष्कर्ष काढला.

१९१९ साली तर मोठे कोडे पडले. इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सिद्ध केले की, विशिष्ट आहाराने मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरून त्यांना बरे केले. मग दोष कशाचा? अन्नाचा की अंधाराचा?

येथे नाशिकचा संबंध येतो. हचिसन व शाह या डॉक्टरांनी नाशिक भागात केलेली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. गरीब कष्टकऱ्यांच्या घरी दूधतूप दुर्मीळ, तरी उघड्यावर वाढणाऱ्या त्यांच्या मुलांत मुडदूस आढळत नव्हता. उलट खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण गोषा पाळणाऱ्या हिंदू व मुसलमान घराण्यांत आया व तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांत राहत. तेथे हा रोग होता. अशा स्त्रियांची हाडे मोठेपणीही मऊ होतात, कटीची हाडे वाकतात आणि बाळंतपण जिवावर बेतते.

उत्तर लवकरच मिळाले. त्याच १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातील गुणकारी द्रव्य वेगळे ओळखले; त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. उन्हातील अतिनील किरणे पडली की आपली त्वचा हेच द्रव्य स्वतः तयार करते, हेही पुढे कळले. त्याच्या मदतीने आतडी अन्नातील कॅल्शियम शोषून घेतात. म्हणजे तेल आणि ऊन ही एकाच घरात शिरण्याची दोन दारे होती. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल जर्मनीचे विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक लाभले.

वाचकहो, या इतिहासाचा बोध साधा आहे. आपल्या आजीबाई बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसत. ती रीत टाकून देण्यासारखी नव्हती. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आज मोठ्या प्रमाणावर आढळते. बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगी पडत नाही. ते थेट अंगावर पडावे लागते. गोषा पाळणाऱ्या घरातही अंगणात किंवा गच्चीवर आडोसा करून ऊन घेता येते. मुलाचे पाय वाकू लागले तर ताईत बांधण्यात महिने घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. वेळीच उपचार झाल्यास मऊ हाडे पुन्हा घट्ट होतात. आणि शाळेची इमारत उभारताना वर्गखोल्यांइतकाच विचार मैदानाचाही व्हावा, विशेषतः मुलींच्या शाळेत. उद्या त्याच मुली माता होणार आहेत.