हातांनीं राखलेला वंश

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकतांना प्रथम क्षुल्लक वाटेल. बागेंतील तळ्यांत लावलेलीं कुमुदें तीन-चार वर्षांत दाट माजतात. मग त्यांचे कंद बाहेर काढावे लागतात, कापावे लागतात, आणि त्यांतील ताजे तुकडे नव्या मातींत पुन्हां लावावे लागतात. हें माळ्याचें काम. त्याचा इतिहासाशीं काय संबंध, असें कोणीहि विचारील. परंतु युरोपांतील रंगीत कुमुदांची हकीकत पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, एका संपूर्ण पुष्पवंशाचें अस्तित्व या एका कामावर अवलंबून आहे. ती हकीकत आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाची आहे.

आरंभीं शब्दांचा एक घोळ दूर करणें इष्ट होय. आपण मराठींत कमळ हा शब्द जरा सैलपणें वापरतों. ज्याचें पान लांब देठावर पाण्याच्या वर छत्रीसारखें उभें राहतें, आणि ज्याच्या फुलाच्या मध्यभागीं झारीच्या तोंडासारखा छिद्रांचा भाग असतो, तें खरें कमळ. ज्याचें पान पाण्यावर सपाट पसरतें व देठाच्या बाजूस चिरलेलें असतें, तें कुमुद. दोघांचा संसार एकाच चिखलांत चालतो खरा. पण आधुनिक वनस्पतिशास्त्रानें त्यांचीं गोत्रें अगदीं निराळीं ठरविलीं आहेत. आपल्या आजच्या कथेंतील नायिका कमळ नसून कुमुदिनी आहे.

आपल्या देशांत पांढरीं, निळीं व तांबडीं कुमुदें गांवोगांवच्या तळ्यांत आपोआप फुलतात, म्हणून त्यांचें आपणांस विशेष कौतुक नाहीं. युरोपची स्थिति निराळी होती. तेथील हिवाळा सोसून उघड्या तळ्यांत जगणारें कुमुद म्हणजे बहुतेक ठिकाणीं पांढरेंच. उष्ण देशांतून नेलेलीं रंगीत कुमुदें तेथें होतीं. परंतु त्यांस ऊब दिलेल्या कांचगृहांतील हौदांत ठेवावें लागे, व तो खर्च श्रीमंतांनाच झेपे. सामान्य गृहस्थाच्या बागेंतील तळ्यावर रंग असा नव्हताच.

हा रंग आणण्याचें श्रेय ज्याच्याकडे जातें त्याचें नांव जोझेफ बोरी लातूर-मार्लियाक. या नांवांतील लातूर ऐकून आपणांस मराठवाड्याची आठवण होईल, पण तो संबंध केवळ उच्चाराचा आहे. हा गृहस्थ १८३० सालीं नैर्ऋत्य फ्रान्समध्यें लॉत नदीच्या प्रदेशांत जन्मला. १८७५ सालीं त्यानें तांप्ल-स्यूर-लॉत या गांवीं जलवनस्पतींची रोपवाटिका काढली. तिच्या हौदांत त्यानें एक प्रयोग चिकाटीनें चालविला. युरोपांतील पांढरें कुमुद थंडी सोसणारें होतें. स्वीडनमधील तळ्यांत त्याचाच एक तांबूस प्रकार सांपडला होता. उत्तर अमेरिकेंत एक सुगंधी गुलाबी प्रकार होता. आणि मेक्सिकोकडे एक पिवळें कुमुद होतें. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घालून या निरनिराळ्या घराण्यांचा संकर करण्याचा त्याचा उद्योग होता. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर त्यास यश आलें. ‘मार्लियासेआ क्रोमाटेला’ हें फिकट पिवळें कुमुद त्याच्या आरंभींच्या विजयांपैकीं एक. त्यानंतर गुलाबी, ताम्रवर्णी व लाल प्रकार आले. १९०९ सालीं बाहेर पडलेलें ‘एस्कार्बूक्ल’ हें गडद लाल कुमुद आजहि जगभर बागांतून मानानें लावलें जातें.

परंतु या यशाच्या पोटांत एक उणीव होती, आणि आपल्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. घोडा व गाढव यांच्या संकरांतून झालेलें खेचर जसें वांझ निपजतें, तशींच हीं संकरित कुमुदें बहुतेक वांझ निघालीं. फूल उमलावें, चार दिवस तळें शोभवावें आणि पाण्याखालीं जाऊन कुजावें. त्यापासून बीं धरावयाचें नाहीं. एखाद्या प्रकारास बीं धरलेंच, तरी त्यांतून आईसारखें मूल येईल याची शाश्वति नाहीं. सबब, असें कुमुद वाढवावयाचें तर कंद कापणें हाच मार्ग उरतो. आपल्या शेतकऱ्यास हें नवीन नाहीं. खाण्याची केळ बियांवांचून असते, म्हणून ती मुनव्यांनीं चालवितात, ऊस कांड्यांच्या बेण्यानें लावितात, हळद गड्ड्यांनीं. यांतील प्रत्येक नवें रोप म्हणजे जुन्याच रोपाचा तुकडा. त्याच न्यायानें आज पुण्याच्या, लंडनच्या किंवा फिलाडेल्फियाच्या एखाद्या तळ्यांत ‘क्रोमाटेला’ फुलत असेल, तर तें लॉत नदीकांठच्या त्या पहिल्या रोपाची संतति म्हणण्यापेक्षां त्याच रोपाचा अवयव म्हणणें अधिक यथार्थ होईल. एकच झाड शंभरांहून अधिक वर्षें तुकड्यातुकड्यांनीं पृथ्वीवर हिंडत आहे.

हें कापणें कसें करितात तें सांगणें अवश्य आहे, कारण त्याच्या रीतींतच त्याचें कारण सांपडतें. कुमुदाचा कंद चिखलांत आडवा सरकत वाढतो. पुढच्या टोंकास कोंब असतो व तेथून नवीं पानें निघतात. मागचा भाग वर्षानुवर्षें जुना होत जाऊन काळा पडतो व सडतो. बाजूंनीं नवे कोंब फुटून त्यांचेहि कंद होतात. कुंडींतील माती तेवढीच, आणि खाणारीं तोंडें मात्र वाढत जातात. मग पानांस पाण्यावर जागा पुरेनाशी होते. तीं एकमेकांस रेटून पाण्याच्या वर उभीं राहतात आणि त्यांच्या गर्दींत फुलें मात्र दिसेनाशीं होतात. नवशिक्या मालकास वाटतें, झाड किती जोमांत आहे! जाणता माळी ओळखतो कीं, हें झाड उपाशी आहे.

थंड देशांत वसंताच्या आरंभीं, नवे कोंब हलूं लागले म्हणजे, कुंडी वर काढतात. कंद धुवून त्यावरील चिखल काढला कीं जुनें-नवें स्पष्ट दिसतें. ज्या टोंकास जोमदार कोंब आहे तें टोंक वीतभर कंदासह धारदार सुरीनें कापून घेतात. काळा, मऊ पडलेला मागचा भाग टाकून देतात. कापलेल्या जागेस कुजण्याची भीति असते, म्हणून कोणी तेथें कोळशाची पूड लावतात. नंतर जड, चिकण माती भरलेल्या रुंद कुंडींत हा तुकडा किंचित् तिरपा ठेवतात. कापलेलें टोंक कुंडीच्या कडेस आणि कोंब मध्याकडे, म्हणजे पुढें सरकावयास त्यास वाव राहतो. कोंब मातीवर उघडा ठेवावा लागतो. तो गाडला तर गुदमरतो. वर बारीक खडी पसरली म्हणजे माती पाण्यांत उधळत नाहीं. पानांचें कुजकें खत मातींत घालण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्यानें पाणी हिरवें होऊन नासतें. आरंभीं कुंडी उथळ पाण्यांत ठेवून, पानें लांबलीं कीं ती हळूहळू खोल नेतात. एका माजलेल्या कंदांतून अशीं अनेक रोपें निघतात. स्वतःपुरतें एक ठेवून बाकीचीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस द्यावींत, हा या विद्येचा सहजधर्म आहे.

आतां पुन्हां इतिहासाकडे वळूं. १८८९ सालीं पॅरिसमध्यें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. आयफेल मनोरा ज्यासाठीं उभारला गेला तेंच हें प्रदर्शन. तेथें मार्लियाकनें आपलीं रंगीत कुमुदें मांडलीं, व तीं पाहणाऱ्यांत क्लोद मोने हा चित्रकार होता. मोने त्या वेळीं पॅरिसच्या वायव्येस झिव्हर्नी या खेड्यांत राहत होता. १८९३ सालीं त्यानें आपल्या बागेजवळ, आगगाडीच्या रुळांपलीकडे, जमिनीचा एक तुकडा घेतला आणि जवळच्या ओहोळाचें पाणी वळवून तेथें तळें करण्याची परवानगी मागितली. गांवकऱ्यांनीं हरकत घेतली. या परदेशी वनस्पतींनीं पाणी विषारी होईल, खालच्या बाजूस कपडे धुणाऱ्या बायकांना व पाणी पिणाऱ्या गुरांना अपाय होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या भोळ्या भीतीस आज हंसणें सोपें आहे. पण ज्यांचें जीवन त्या एका ओहोळावर चाललें होतें त्यांनीं विचारलेला प्रश्न गैरवाजवी नव्हता. शेवटीं परवानगी मिळाली. १८९४ सालीं मोनेनें मार्लियाकच्या रोपवाटिकेंतून रोपें मागविलीं, आणि १९०१ सालीं तळें आणखी वाढविलें.

पुढें या तळ्याचीं त्यानें सुमारें अडीचशें चित्रें काढलीं. त्यांतील प्रचंड चित्रपट पॅरिसच्या ऑरांझरी या संग्रहालयांत १९२७ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर काहीं महिन्यांनीं, लोकांस खुले झाले. त्या चित्रांत पाण्याचा जो मोकळा विस्तार दिसतो, ज्यांत आकाश व ढग उतरलेले आहेत, तो निसर्गानें आपणहून राखलेला नव्हता. तळ्यासाठीं मोनेनें एक माळी नेमला होता. तो होडींतून फिरून शेवाळ काढी, सुकलेलीं पानें तोडी, कुमुदांचे गट आटोक्यांत ठेवी. कुमुदांच्या मध्यें पाणी उघडें राहिलें म्हणूनच त्यांत आकाश दिसलें. तळें माजूं दिलें असतें तर चित्रकारापुढें नुसता पानांचा गालिचा उरला असता.

याची साक्ष पुढील काळानें दिली. मोने १९२६ सालीं वारला. त्याची सून व सावत्र कन्या ब्लांश हिनें बाग सांभाळली. ती १९४७ सालीं वारल्यावर मात्र पाहणारें कोणी राहिलें नाहीं. अडीच-तीन तपांत घराच्या तुळया कुजल्या, चित्रशाळेंत झाडें उगवलीं, आणि तळें असें बिघडलें कीं तें पुन्हां खणावें लागलें. १९७७ सालीं जेराल्ड व्हान देर केंप यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धार सुरू झाला व १९८० सालीं बाग लोकांस खुली झाली. हीं चित्रें पॅरिसमध्यें भिंतींवर सुखरूप होतीं. त्यांतील तळें मात्र बेपत्ता झालें होतें. चित्र जपावयाचें तर त्यास हात लावूं नये. रोप जपावयाचें तर त्यास हात लावलाच पाहिजे. या दोन प्रकारच्या वारशांतील भेद झिव्हर्नीइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मार्लियाक १९११ सालीं वारला. कोणत्या फुलाचा पराग कोणावर घातला, याचें संपूर्ण रहस्य त्यानें कोणास सांगितलें नाहीं. तें त्याच्याबरोबर गेलें. म्हणजे त्याचे अनेक प्रकार आज नव्यानें घडवितां येणार नाहींत. त्यांपैकीं एखाद्याचा शेवटचा कंद कोणाच्या दुर्लक्षित हौदांत सडला, तर बीं नाहीं आणि कृतीहि नाहीं. तो प्रकार जगांतून कायमचा नाहींसा झाला. जे प्रकार उरले ते संग्रहालयांच्या कुलपांत उरले नाहींत. ते उरले, कारण शेंकडों अनाम माळ्यांनीं दर तीन-चार वर्षांनीं गुडघाभर चिखलांत उतरून ते कापले आणि वांटले.

याच्या उलट चित्र आपल्या डोळ्यांपुढें आहे. दक्षिण अमेरिकेंतून शोभेचें फूल म्हणून जगभर नेलेली जलपर्णी कोणाच्या सुरीची वाट पाहत नाहीं. ती स्वतःच धुमारे सोडून स्वतःचे तुकडे करिते. बंगालमध्यें तिनें नद्या-खाड्या अशा कोंडल्या कीं १९३६ सालीं तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आणि पुण्याच्या मुळा-मुठेचे काठ पाहणारांस तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. एक वनस्पति माणसाच्या हातावांचून मरते, तर दुसरीपुढें माणसाचे हात टेंकीस येतात. दोघीहि पाण्यांतल्याच, दोघीहि सुंदरच.

श्रोतेहो, वारसा म्हटला कीं आपणांस पेटी, कुलूप व किल्ली आठवते. कुमुदाचा वारसा त्या जातीचा नव्हे. न कापतां ठेवावा तर तो स्वतःच्याच भारानें गुदमरतो, आणि एकट्यानेंच ठेवावा तर एका दुष्काळानें संपतो. आपणांपैकीं ज्यांच्या अंगणांतील हौदांत एखादें रंगीत कुमुद पानांच्या गर्दींत फुलेनासें झालें असेल, त्यांनीं येत्या हंगामांत तें बाहेर काढावें, जुना भाग निःशंकपणें टाकावा, एक तुकडा आपणांस ठेवावा आणि दुसरा शेजाऱ्यास नांवासह द्यावा. नांव सांगावयास विसरूं नये, कारण नांव हरवलें कीं इतिहासहि हरवतो. एवढें सांगून आपली रजा घेतों.