तंजावरची आरोग्यभाषा : सरफोजी राजांच्या काळातील एक निवड

सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबाराचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चाले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा इतिहासही मराठीतच आहे. असे असता, याच राजांच्या नावाने ओळखली जाणारी वैद्यकीय ग्रंथसंपदा, ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’, तमिळ पद्यात आहे. (‘मुरै’ म्हणजे पद्धती.) या विसंगतीकडे मराठीच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता मुख्यतः किल्ल्यापुरती उरली. त्यानंतरच्या काळात धन्वंतरी महाल ही संस्था बहरली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चार वैद्यकपरंपरा एकत्र आल्या. त्यांच्या ज्ञानभाषाही वेगवेगळ्या होत्या: संस्कृत, तमिळ, अरबी-फारसी व इंग्रजी. गुणकारी ठरलेले उपचार मात्र तमिळमध्ये बांधले गेले. भिंतीवरचा लेख पुढील पिढ्यांना उद्देशून होता. औषधाला कावेरीकाठच्या गावांत पोहोचायचे होते.

ते पद्यातच का, याचे उत्तर सिद्ध परंपरेत आहे. तेथे शिष्य पाठांतराने शिके. घटकद्रव्ये, त्यांचे प्रमाण आणि कृती वृत्तात बसली की स्मरणात राहत, आणि एखादा शब्द निसटला तर कानालाच खटके. म्हणूनच या रचनेला सरसकट ‘लोकभाषेतील आरोग्यशिक्षण’ म्हणणे घाईचे ठरेल. तिचा श्रोता वैद्य होता. रोग्यापर्यंत ती पोहोचायची तर ती वैद्याच्या तोंडून, रोजच्या बोलीत उलगडूनच.

राजांच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी याहून निराळ्या आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेल्या या हस्तलिखितांत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. डोळ्यात काय दिसले, ते येथे चित्रच सांगते. त्याला वृत्ताचा आधार लागत नाही.

याच प्रदेशात आजाराची एक भाषा मात्र दरबाराने निवडलेली नव्हती. मराठीत जी ‘देवी’, ती तमिळमध्ये ‘अम्मै’, म्हणजे आई. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूर येथील मारियम्मनच्या कृपेने तुळजाराजांच्या कन्येची गेलेली दृष्टी परत आली, अशी आख्यायिका आहे. राजघराण्यालाही ही भाषा परकी नव्हती. १८०२ मध्ये जेन्नरची लस मुंबईत व पाठोपाठ मद्रास इलाख्यात आली, तेव्हा तिला स्वतंत्र नाव मिळाले नाही. मराठीत लोक ‘देवी टोचून’ घेऊ लागले, तमिळमध्ये ‘अम्मै कुत्तुदल’ रूढ झाले. देवीचा कोप आणि त्यावरील उपाय एकाच शब्दात आले. या नावामुळे लस परिचित वाटली असेल. पण आईलाच सुईने टोचायचे, हा संकोचही त्याच शब्दात होता. नुसता अनुवाद करून तो दूर होण्यासारखा नव्हता.

‘वैद्य मुरैगळ’चे रोगवार खंड सरस्वती महालाने विसाव्या शतकात छापले. मोडी कागदपत्रांचे तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने (स्थापना १९८१) प्रसिद्ध केले. म्हणजे तमिळ अभ्यासकाला दरबाराचे कागद आता आपल्या भाषेत वाचता येतात. मराठी अभ्यासकाला त्याच दरबाराचे औषध वाचायचे, तर तमिळ शिकावी लागते.