उतार, दार आणि विद्यापीठ

चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाच्या इमारती बदलाव्यात, ही कल्पना अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर आकारास आली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत टिमथी न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. ही शाखा एका पूर्वीच्या लष्करी रुग्णालयात भरत असे. परंतु १९४९ मध्ये ती बंद झाली. विद्यार्थ्यांनी राजधानी स्प्रिंगफील्ड येथे जाऊन गव्हर्नर अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्याकडे दाद मागितली. शाखा वाचली नाही; तथापि हा कार्यक्रम अर्बाना येथील मुख्य परिसरात प्रायोगिक स्वरूपात सुरू राहिला. तेथे इमारतींना उतार जोडले गेले. पुढे उचलयंत्र बसविलेल्या बसगाड्याही आल्या.

या अनुभवाचे फलित म्हणजे १९६१ चे अमेरिकन मानक ‘ए ११७.१’ होय. त्यामागील संशोधनाचे नेतृत्व न्यूजंट यांच्याकडेच होते. १२ फुटांच्या लांबीत १ फुटाहून अधिक चढ नसावा, दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी वाट असावी, अशी मोजमापे त्यात दिली आहेत. इमारत ‘पोचता येण्याजोगी’ आणि ‘वापरता येण्याजोगी’ असावी, असे दोन शब्द त्याच्या शीर्षकातच येतात. ही द्विरुक्ती नव्हे. ग्रंथालयाच्या दाराशी उतार आहे, पण शौचालयाचे दार अरुंद आहे, अशा ठिकाणी विद्यार्थी पोचतो. दिवसभर अभ्यास मात्र करू शकत नाही.

हे मानक मूलतः ऐच्छिक होते. मापाला बंधनाचे रूप कायद्याने दिले: १९६८ मध्ये संघशासनाच्या इमारतींसाठी आणि १९७३ मध्ये शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांसाठी.

भारतातील क्रमही बोधप्रद आहे. १९९५ च्या अधिनियमाने सार्वजनिक इमारतींत उतार सांगितले, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. २०१६ च्या अधिनियमाने शासनमान्य व अनुदानित शिक्षणसंस्थांच्या इमारती व परिसर सुगम्य करण्याची तरतूद केली. मात्र २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेविषयीचा १५ वा नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा राहिला. मूळ अधिनियमाशी तो विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले.

सारांश, योग्य उताराचे माप १९६१ पासून उपलब्ध आहे. त्यानंतरचा इतिहास हा ते माप ऐच्छिक मानावे की अनिवार्य, या वादाचा इतिहास आहे. आणि तो वाद लांबत असता जो विद्यार्थी पायरीशी थांबतो, त्याचे शिक्षणही तेथेच थांबते.