नवा जन्म नेमका कधी? झुरिचमधील एका जीवघेण्या वादाचा इतिहास

१/ झुरिच, ५ जानेवारी १५२७. फेलिक्स मान्त्स या हिब्रूच्या तरुण अभ्यासकाला हात बांधून लिम्मात नदीच्या पात्रात बुडवण्यात आले. त्याने ना चोरी केली होती, ना खून. प्रौढांना ‘पुन्हा’ बाप्तिस्मा देणे हा त्याचा गुन्हा ठरला. शिक्षा देणारी नगरपरिषद कॅथलिक नव्हती. रोमशी नाते तोडून धर्मसुधारणा स्वीकारलेली होती.

२/ वादाचे मूळ योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा प्रतिष्ठित परूशी रात्री येशूकडे येतो. देवाचे राज्य पाहण्यासाठी नवा जन्म हवा, असे येशू त्याला सांगतो. म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा शिरेल, असा निकदेमाचा प्रश्न आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आनोथेन’ दुहेरी अर्थाचा आहे: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’, म्हणजे ईश्वराकडून. पुढच्या उत्तरात पाणी आणि आत्मा या दोहोंचा उल्लेख येतो.

३/ मराठीतील ‘पुनर्जन्म’ या शब्दाशी याची गल्लत होऊ नये. मरणानंतर दुसरा देह मिळण्याचा हा विचार नाही. याच आयुष्यातील आंतरिक परिवर्तनाचा आहे. प्रश्न इतकाच, की ते परिवर्तन कोणत्या क्षणी आणि कशाने घडते?

४/ प्राचीन चर्चने ‘पाणी’ म्हणजे बाप्तिस्मा असा अर्थ लावला. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन मार्टिरने बाप्तिस्म्याचे वर्णन नवा जन्म असेच केले. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने आदिपापाच्या सिद्धांताला अर्भकांच्या बाप्तिस्म्याची जोड दिली. मध्ययुगीन युरोपात त्यामुळे माणूस पाळण्यातच नव्याने जन्मत असे. त्याच संस्काराने तो चर्चचा आणि ख्रिस्ती समाजाचाही घटक होई.

५/ सोळाव्या शतकात या उत्तराला तडे गेले. मार्टिन ल्यूथरने अर्भकांचा बाप्तिस्मा कायम ठेवला. मात्र पाण्याला सामर्थ्य येते ते त्याच्याशी जोडलेल्या ईश्वरी वचनामुळे आणि त्यावरील श्रद्धेमुळे, असे तो मानी. झुरिचचा सुधारक उलरिख झ्विंग्ली आणखी पुढे गेला. त्याच्या मते पाणी पाप धुत नाही. बाप्तिस्मा ही यहुदी सुंतेप्रमाणे कराराची खूण आहे. अंतःकरण बदलते ते पवित्र आत्म्याने.

६/ झ्विंग्लीच्याच तरुण अनुयायांनी त्याचा युक्तिवाद शेवटापर्यंत नेला. नवा जन्म श्रद्धेने होत असेल आणि बाप्तिस्मा ही केवळ खूण असेल, तर ज्याला श्रद्धा म्हणजे काय हेही कळत नाही, त्या तान्ह्या मुलाला ती खूण कशासाठी? जानेवारी १५२५ मध्ये जाहीर वादविवाद झाला आणि परिषदेने निकाल दिला: अर्भकांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत करा, अन्यथा शहर सोडा.

७/ २१ जानेवारी १५२५ रोजी काही जण मान्त्सच्या घरी जमले. तेथे कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉक या धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला आणि ब्लाउरॉकने इतरांना. विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, असे नाव दिले. ते नाव त्यांना मान्य नव्हते. अर्भकाच्या डोक्यावर ओतलेले पाणी हा बाप्तिस्माच नव्हे, म्हणून आपला हाच पहिला, असे ते म्हणत.

८/ हा शब्दच्छल नव्हता. प्राचीन रोमन कायद्यात पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यास मृत्युदंड होता; त्यामुळे नावातच शिक्षा दडलेली होती. शिवाय श्रद्धा हा प्रौढाचा निर्णय ठरला, तर शहर आणि चर्च एकच राहत नाही, हे सत्ताधाऱ्यांनी ओळखले. मार्च १५२६ मध्ये परिषदेने या कृत्यासाठी बुडवून मारण्याची शिक्षा जाहीर केली.

९/ ग्रेबेल १५२६ मध्येच मरण पावला होता. मान्त्सला बुडवले त्याच दिवशी ब्लाउरॉकला फटके मारून शहराबाहेर हाकलण्यात आले; १५२९ मध्ये टायरोलमध्ये त्याला जिवंत जाळले. त्याच वर्षी श्पायरच्या साम्राज्यसभेने ही शिक्षा साऱ्या साम्राज्याला लागू केली.

१०/ प्रश्न मात्र बुडाला नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने, बाप्तिस्मा झालेल्या पण पापात जगणाऱ्या प्रौढांनाही नव्या जन्माची गरज आहे, असा प्रचार केला. १८५० मध्ये इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलला गोरहॅम खटल्यात याच मुद्द्यावर निर्णय द्यावा लागला. बाप्तिस्म्याने अर्भकाचा नवा जन्म निरपवाद होतोच असे न मानणाऱ्या गोरहॅमच्या बाजूने निकाल लागला आणि काही नामवंत अँग्लिकन कॅथलिक चर्चकडे वळले.

११/ आजही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा नवा जन्म बाप्तिस्म्यात पाहतात. इव्हँजेलिकल परंपरा वैयक्तिक परिवर्तनात. या मतभेदासाठी आता कोणाला नदीत ढकलले जात नाही. २००४ मध्ये लिम्मातच्या काठी मान्त्स आणि इतर बळींच्या स्मरणार्थ एक शिलालेख बसवण्यात आला, आणि झुरिचच्या रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे झ्विंग्लीच्याच वारसदारांनी, मान्त्सच्या वारसदारांची क्षमा मागितली. त्याला ४७७ वर्षे लागली.