व्हिक्तरचा चावा

इ.स. १८००. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात सुमारे १२ वर्षांचा, चावणारा-ओरबाडणारा मुलगा सापडला. नामवंत वैद्य पिनेल यांनी त्याला असाध्य ठरवले. तरुण इतार यांनी मात्र पॅरिसमध्ये उपचार आरंभले, त्याला ‘व्हिक्तर’ हे नाव दिले. रोज तासन्‌तास ऊन पाण्याचे स्नान, स्पर्श-श्रवणाचे पाठ. मनासाठी मादाम गेरँ यांची माया. इंद्रियशिक्षण आणि मानसोपचार यांची ही आरंभीची सांगड.

पुढे एकदा, पाठ अचूक करूनही इतार यांनी त्याला मुद्दाम शिक्षा केली. व्हिक्तर त्यांच्या हाताला कडाडून चावला. इतार हरखले : मुलाला अन्याय कळला होता! (मला हा प्रयोग क्रूरच वाटतो.) वयात येताना मात्र त्याचे संतापाचे झटके वाढले, तिथे इतार यांचे उपाय थिटे पडले. १८२८ मध्ये व्हिक्तर वारला, मादाम गेरँ यांच्याच आश्रयाला.